हरित पट्ट्यांचे रक्षण आणि ग्रामसभेची जबाबदारी

बुलडाणा जिल्ह्यातील चिखली हे जालना-खामगाव आणि बुलडाणा-मेहकर या मार्गांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावांची वाढ प्रथम रस्त्यांच्या कडेने होते. ज्या शेतात काल तूर आणि सोयाबीन उभे होते, तेथे मुरमाचे रस्ते आखले जातात, सिमेंटचे खुंट रोवले जातात आणि भूखंडविक्रीचा फलक लागतो. वाढत्या लोकसंख्येला घरे हवीत, शाळा हव्यात, रस्तेही हवेत. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु काळी कसदार जमीन, गुरांची चराई आणि नाल्याकाठची झाडी एकदा बांधकामाखाली गेली म्हणजे ती परत मिळत नाही. म्हणून कोणती जमीन द्यावी आणि कोणती राखावी, याचा विचार आधी व्हावा लागतो, आणि तो विचार होताना गाव तेथे हजर असावे लागते.

या भागातील शेतकऱ्यांना या प्रश्नाची अलीकडेच जाणीव झाली. सिंदखेडराजा ते शेगाव असा भक्ती महामार्ग प्रस्तावित झाला, तेव्हा २०२४ मध्ये त्याच्या आखणीत येणाऱ्या गावांतील शेतकरी विरोधासाठी उभे राहिले. त्यांत चिखली तालुक्यातील शेतकरीही होते. श्रद्धास्थानांना जोडणाऱ्या रस्त्याला नव्हे, तर सुपीक जमीन जाण्याला त्यांचा विरोध होता. अशा प्रत्येक प्रसंगी एक प्रश्न पुढे येतो. जमिनीविषयीचा निर्णय कोठे होतो, आणि गावाला आपले म्हणणे मांडण्याची संधी नेमकी केव्हा मिळते?

जमीन जाण्याचे तीन मार्ग

गावाची हिरवी जमीन साधारणतः तीन मार्गांनी कमी होते. पहिला मार्ग नियोजनाचा. प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत जी जमीन शेती वा हरित विभागात दाखविलेली असते, ती विभाग बदलून रहिवासी अथवा औद्योगिक केली जाते. दुसरा मार्ग भूसंपादनाचा. तिसरा मार्ग सामाईक जमिनीचा. गायरान किंवा वऱ्हाडात ज्याला ‘ई-क्लास’ म्हणतात अशी चराईची शासकीय जमीन अन्य कामास दिली जाते किंवा अतिक्रमणाने हळूहळू संपते. या तिन्ही मार्गांचे कायदे निराळे आहेत, मुदती निराळ्या आहेत आणि दाद मागण्याची ठिकाणेही निराळी आहेत. हा भेद ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा गावकऱ्यांचे निवेदन चुकीच्या कार्यालयात आणि मुदत संपल्यावर पोहोचते.

वसईचा अनुभव

नियोजनाच्या मार्गाने जाणारी जमीन राखण्यासाठी ग्रामस्थांनी दीर्घकाळ केलेल्या प्रयत्नांचे आपल्या राज्यातील ठळक उदाहरण वसईचे आहे. वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथील रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधील पट्टा केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध आहे. समुद्र इतका जवळ असूनही तेथील विहिरींना गोडे पाणी असते. याचे श्रेय बऱ्याच अंशी ‘बावखल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरागत तळ्यांना जाते. पावसाचे पाणी या तळ्यांतून जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही. बागा, विहिरी आणि बावखले ही तेथे एकच व्यवस्था आहे. तिचा एक भाग बुजविला की उरलेले भागही दुबळे होतात.

मुंबईतील घरांची टंचाई वाढली, तशी १९८० च्या दशकात वसई-विरार भागात इमारतींची दाटी होऊ लागली. हरित विभागातील जमीन नागरी वापरासाठी खुली करण्याचे धोरण पुढे आले. १९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नव्या इमारतींना पाणी पुरविण्यासाठी हरित पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि बागाईतदारांच्या विहिरी धोक्यात आल्या. याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे कार्य सुरू झाले. ‘सुवार्ता’ या मासिकाचे ते संपादक होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती आणि हिंदू, बागाईतदार आणि मजूर असे सर्व थरांतील लोक या कार्यात सामील झाले. मोर्चे निघाले, गावोगावी सभा झाल्या. तथापि या लढ्याचे खरे बळ दुसऱ्याच गोष्टीत होते. लोकांनी नकाशे वाचावयास आणि मुदतीत लेखी हरकती घ्यावयास आरंभ केला.

हा प्रश्न एका निर्णयाने सुटला नाही. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अनेक गावांनी महापालिकेत जाण्यास विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली आणि ते प्रकरण पुढे न्यायालयात गेले. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या कालावधीसाठीच्या प्रारूप प्रादेशिक योजनेवरही वसईतून हजारो हरकती नोंदविल्या गेल्या. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा मोकळ्या सखल जमिनी पाणी सामावून घेण्याचे केवढे काम करीत होत्या, हे सर्वांच्या ध्यानी आले. वसईतील पुष्कळ जमीन गेली, हे खरे. परंतु पश्चिम पट्ट्यात आजही बागा दिसतात, त्याच्या मागे तीन दशकांहून अधिक काळची ही जागरूकता आहे.

मुदतीचे महत्त्व

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये कोणतीही योजना अंतिम होण्यापूर्वी तिचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. प्रारूप प्रादेशिक योजनेसाठी किमान चार महिन्यांची, तर नगरपरिषदेच्या प्रारूप विकास योजनेसाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. मंजूर विकास योजनेत फेरबदल करावयाचा असला, तरी महिनाभराची सूचना द्यावी लागते. हरकत घेणाऱ्यास सुनावणीची संधी मिळते. मात्र ‘आमच्या गावाचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या निवेदनाने फारसे साधत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, सध्याची पिके, सिंचनाची सोय, नाले व तळी आणि शक्य असल्यास पर्यायी जागा यांचा उल्लेख असलेली हरकत अधिकाऱ्यांना विचारात घ्यावीच लागते.

भूसंपादनाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने शेतजमिनीला काही संरक्षण दिले आहे. एकाहून अधिक पिके देणारी ओलिताची जमीन केवळ अखेरचा उपाय म्हणूनच घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. परंतु महामार्ग, रेल्वे, कालवे आणि वीजवाहिन्या यांसारख्या रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना ओलिताच्या जमिनीविषयीचे हे बंधन लागू होत नाही. शिवाय महामार्गविषयक कायद्याखाली जमीन घेतली जाते, तेव्हा हरकतीची मुदत अवघी २१ दिवसांची असते. पेरणीच्या दिवसांत तीन आठवडे कसे निघून जातात, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. म्हणूनच कागदपत्रे सूचना येण्यापूर्वीच तयार असणे आवश्यक ठरते.

एकजुटीने मत नोंदविण्याचा आणखी एक दाखला रायगड जिल्ह्याचा आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. धरणाच्या पाण्यावर हक्क असलेली जमीन उद्योगाला द्यावी काय, हा प्रश्न तेथे थेट शेतकऱ्यांना विचारला गेला.

गायरान आणि ई-क्लास

चिखली परिसरातील गावांच्या दृष्टीने तिसरा मार्ग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण ही जमीन कोणा एकाची नसल्याने तिच्यासाठी धावून जाणाराही बहुधा कोणी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान जमिनींबाबत निर्णय काढला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम २२-अ समाविष्ट झाले. गायरान जमीन अन्य कामास देण्यास त्याने मनाई केली. सार्वजनिक प्रयोजनासाठी दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसेल, अशांसारख्या मोजक्या बाबींपुरताच त्याला अपवाद ठेवला. २०२२ मध्ये शासनाने उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार राज्यात गायरानांवर २ लाख २२ हजार १५३ अतिक्रमणे होती.

विदर्भातील गावांना याखेरीज एक विशेष साधन उपलब्ध आहे. महसूल अधिनियमातील निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांविषयीचे प्रकरण केवळ विदर्भाला लागू आहे. निस्तार पत्रकात गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीवर चराई, सरपण, माती, मुरूम इत्यादींचे गावकऱ्यांचे हक्क नोंदविलेले असतात. ग्रामपंचायतीने मागणी केल्यास जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातील नोंदीत दुरुस्ती करू शकतात. वाजिब-उल-अर्जमध्ये खाजगी जमिनीतील व पाण्यातील वहिवाटीची नोंद होते. आपल्या गावचे निस्तार पत्रक पाहिलेले किती ग्रामपंचायत सदस्य आढळतील? जी जमीन कागदावर ‘पडीक’ म्हणून दिसते, तीच निस्तार पत्रकात गावाच्या गुरांची चराई म्हणून नोंदलेली असू शकते.

प्रश्नाची दुसरी बाजू

हरित पट्ट्याचा कैवार घेताना दोन गोष्टींकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिली गोष्ट भूमिहीनांची. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि त्यानंतर १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक जमिनीच्या वाटपाची मागणी केली होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने १९९१ मध्ये स्वीकारले. दोन एकर गायरान कसून पोट भरणारे कुटुंब आणि तेच गायरान भूखंड पाडून विकणारा मनुष्य यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. दुसरी गोष्ट हरित विभागातील शेतकऱ्याची. शेजाऱ्याच्या जमिनीला भूखंडाचा भाव येतो आणि आपली मात्र शेतीच राहते, हे पाहणाऱ्या शेतकऱ्याला केवळ निसर्गप्रेमाचे धडे देऊन भागत नाही. शेती राखावी असे गावाला वाटत असेल, तर तिला पाणी, बाजारपेठ आणि किफायतशीर भाव मिळवून देण्याची जबाबदारीही गावाने आणि शासनाने वाटून घेतली पाहिजे. वसईचा बागाईतदार टिकला, त्याला मुंबईचा बाजार जवळ होता हेही एक कारण आहे.

ग्रामसभेने काय करावे

याकरिता प्रत्येक ग्रामपंचायतीला काही कामे शांततेच्या काळातच करून ठेवता येतील. गावातील सर्व ई-क्लास व गायरान जमिनींचे गट क्रमांक आणि क्षेत्र यांची यादी तलाठी कार्यालयातून घ्यावी आणि ती पंचायतीच्या फलकावर लावावी. प्रादेशिक योजनेत गावाची कोणती जमीन कोणत्या विभागात दाखविली आहे, हे नगररचना कार्यालयातून समजून घ्यावे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये नेमलेल्या समितीमार्फत गावातील तळी, गवताळ माळ आणि जुनी झाडे यांची नोंदवही पूर्ण करावी. ग्रामसभेत हे विषय घेऊन ठराव तारखेसह नोंदवावेत. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून शिवाराचा नकाशा काढून घेतल्यास पाठ्यपुस्तकातील नकाशावाचन गावाच्या उपयोगी पडेल.

सामाईक जमिनीवर गवत, बांबू किंवा फळझाडे लावून ती वापरात ठेवणे हाही तिच्या रक्षणाचा चांगला उपाय आहे. ओसाड दिसणाऱ्या जमिनीवर अनेकांचा डोळा असतो. ज्या माळावर गावाची गुरे रोज चरतात आणि पाझर तलावात पाणी दिसते, तेथे खुंट रोवताना कोणीही विचार करतो.

गावाची वाढ थांबविणे हा या सर्व प्रयत्नांचा हेतू नाही. वाढ कोठे व्हावी आणि कोठे होऊ नये हे ठरविताना तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे वेळेवर, लेखी आणि पुराव्यानिशी नोंदले जावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. वसईच्या ग्रामस्थांना हे शिकण्यास अनेक वर्षे लागली आणि त्या वर्षांत बरीच जमीन हातची गेली. चिखलीच्या परिसरातील गावांना त्यांच्या अनुभवाचा लाभ आजच घेता येईल.