मशिदीच्या भिंतीतला भूगोल

जुन्या मशिदीत गेलो की समोरच्या भिंतीत एक कमानदार कोनाडा दिसतो. त्याला मेहराब म्हणतात. मक्केतील काबागृह कोणत्या दिशेला आहे हे तो सांगतो. या दिशेचे नाव किब्ला. नमाजाच्या रांगा तिकडेच तोंड करून उभ्या राहतात.

आपल्याकडून किब्ला कोणत्या दिशेला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'पश्चिमेला' म्हणतील. उत्तर चूक नाही, पण पुरेसेही नाही. गगनबावड्याचेच उदाहरण घेऊ. हे गाव सुमारे साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आणि 73.8 अंश पूर्व रेखांशावर आहे. मक्का 21.4 अंश उत्तर आणि 39.8 अंश पूर्व येथे आहे. मर्केटर पद्धतीच्या जगाच्या नकाशावर दोन्ही ठिकाणे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा पश्चिमेपासून उत्तरेकडे आठ-नऊ अंश कलते. आता पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. गगनबावड्यापाशी तो पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे 14 अंश कललेला दिसेल. ताणलेला दोरा गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग दाखवतो. वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना हा मार्ग सरळ राहत नाही. म्हणून दोन उत्तरे वेगळी येतात.

हा प्रश्न फार जुना आहे. अल्बेरुणी या विद्वानाने गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी 1025 साली एक स्वतंत्र ग्रंथच पुरा केला. गावांचे अक्षांश-रेखांश मोजायचे आणि मग गोलावरच्या त्रिकोणाचे गणित करायचे, ही त्याची रीत. मात्र मशीद बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याजवळ असे गणित असणे शक्य नव्हते. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी हजार वर्षांपूर्वीच वसले होते. मसऊदी या प्रवाशाने दहाव्या शतकात चौलच्या मोठ्या मुस्लिम वस्तीची नोंद केली आहे. पुढे आदिलशाहीच्या काळात घाटावर आणि घाटाखाली मशिदी उभ्या राहिल्या. दिशा ठरवताना कोणी सूर्यास्त पाहिला असेल, कोणी ध्रुवतारा, तर कोणी शेजारच्या गावातील जुनी मशीद.

म्हणूनच आज होकायंत्र घेऊन जुनी भिंत 'चुकली' असे म्हणण्याची घाई करू नये. दूरच्या गावांसाठी सर्वसाधारण दिशा पुरेशी, असे अनेक धर्मशास्त्रकारांनीही मानले आहे. आपल्या दृष्टीने ती भिंत हा पुरावा आहे. तिचा कोन मोजला, तर बांधणाऱ्यांनी दिशा कशी ठरवली असेल याचा अंदाज करता येतो. जीर्णोद्धारात जुनी भिंत पडली आणि कोन नोंदवलेला नसला, तर हा पुरावा कायमचा जातो.

किब्ला पडताळण्याचा एक सोपा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येतो. दरवर्षी 27 किंवा 28 मे रोजी, भारतीय वेळेप्रमाणे दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी, सूर्य मक्केच्या अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी आपण सूर्याकडे तोंड केले की ते मक्केकडेच होते. आदल्या दिवशी घड्याळ अचूक वेळेशी लावून ठेवा. एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. ठरल्या वेळी सावलीच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे रेघ ओढा. हीच किब्ल्याची दिशा. गगनबावड्यात ही सावली सुमारे 64 सेंटिमीटर भरेल. यावरून सूर्य आपल्या माथ्यापासून सुमारे साडेबत्तीस अंश कललेला आहे हे कळते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. गुणाकार केला की मक्केचे अंतर मिळते, सुमारे 3,600 किलोमीटर!

असाच योग 15-16 जुलैला 2 वाजून 57 मिनिटांनी येतो. पण त्या वेळी गगनबावड्यात सूर्य दिसेल याचा भरवसा कोणी द्यावा? तेव्हा मे महिनाच बरा. ढग आले तर एक-दोन दिवस मागेपुढे चालेल, फरक अगदी थोडा पडतो.

सुट्टीत गावी असलेल्या मुलांना हा प्रयोग सांगा. मशिदीच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन, नमाजाच्या वेळा सांभाळून, मेहराबाच्या भिंतीचा कोनही मोजू द्या. आपल्या रेघेत आणि त्या भिंतीत किती अंशांचे अंतर आहे, ते वहीत तारखेसह लिहून ठेवायला सांगा. जवळच्या चार गावांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर आपल्या भागाच्या इतिहासाचे एक कोरे पान मुलांच्या हातून लिहिले जाईल.