हिवाळ्यापूर्वी परसबागेतील कामे आणि केळीचे संरक्षण

आश्विन लागला की पावसाचा जोर ओसरतो, दिवसा ऊन कडक पडते आणि पहाटे हवेत किंचित गारवा जाणवू लागतो. शेतात पिके काढणीस आलेली असतात व घरोघरी दिवाळीची साफसफाई चालू असते. या धांदलीत परसबागेकडे दुर्लक्ष होणे साहजिक आहे. परंतु जमिनीत ओल आहे, ऊन आहे आणि थंडी अद्याप दूर आहे असे वर्षातील हेच तीन-चार आठवडे होत. या काळात वाफे तयार झाले तर मार्गशीर्ष-पौषात घरच्या मेथी-पालकाची जुडी ताटात येते. ही वेळ टळली तर उगवण मंदावते व हिवाळाभर भाजी विकत घ्यावी लागते.

बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या मार्गावरील निंबोला आणि आसपासच्या गावांत या कामांना आणखी एक महत्त्वाचे कारण आहे. तापीच्या खोऱ्यातील या जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक केळी हे आहे. जेथे परसदार आणि केळीची बाग यांच्यामध्ये केवळ एका बांधाचे अंतर असते, तेथे परसातील एखादा रोगट वेल बांधापलीकडील बागेस धोका ठरतो.

परसातील वेल आणि केळीवरील हरण्या

पावसाळ्यात मांडवावर चढविलेले काकडी, दोडका, गिलके व भोपळा यांचे वेल आश्विनात थकलेले असतात. त्यांच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसणे व पाने आक्रसणे हे बहुधा मोझॅक रोगाचे लक्षण असते. अशा रोगांपैकी ‘कुकुंबर मोझॅक’ या विषाणूची नोंद काकडीवर १९१६ साली अमेरिकेत झाली व त्यावरून त्यास हे नाव पडले. तथापि हा विषाणू काकडीपुरता मर्यादित नाही. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो जगतो. टोमॅटो, मिरची, चवळी, बांधावरील केना यांसारखे तण आणि केळी यांचाही त्यांत समावेश होतो. केळीवर यामुळे होणाऱ्या रोगास खानदेशात ‘हरण्या’ म्हणतात. पानांवर पिवळसर रेषा उमटतात, पाने अरुंद व वेडीवाकडी होतात, झाडाची वाढ खुंटते आणि पुष्कळदा पोंगा सडतो.

या रोगाचा प्रसार मावा ही कीड करते. रोगट पानात सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू माव्याच्या सोंडेस लागतो आणि दुसऱ्या झाडावर बसताच तितक्याच अल्प वेळात तो त्या झाडात शिरतो. त्यामुळे केळीवर कीटकनाशक फवारले तरी मावा मरण्यापूर्वीच त्याने रोग पोहोचविलेला असतो. रोग जडलेले केळीचे झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. म्हणून विषाणूचे आश्रयस्थान नाहीसे करणे हाच खरा उपाय होय.

कांदेबागेची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, विशेषतः ऊतिसंवर्धित रोपे कोवळी असताना, या रोगाचा धोका सर्वांत अधिक असतो. परसातील वेल थकण्याचा व केळीची कोवळी रोपे उभी राहण्याचा काळ अशा रीतीने एकच येतो.

वेल कसे काढावेत

वेल उपटून बांधावर टाकण्याची सवय सोडली पाहिजे. वेल सुकू लागताच त्यावरील मावा उठून जवळच्या हिरव्या झाडांवर जातो व साफसफाईच रोग पसरविण्यास कारणीभूत होते. यासाठी प्रथम मावा मारावा आणि नंतर वेल काढावा.

त्याकरिता निंबोळी अर्क पुरेसा आहे. पाव किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी फडक्याने गाळून एकूण पाच लिटर द्रावण करावे, त्यात साबणाचा चुरा चिमूटभर मिसळावा आणि पानांच्या खालच्या बाजूस लागेल असे सायंकाळी फवारावे. दोन दिवसांनी सकाळच्या गारव्यात वेल मुळासकट उपटून त्याच दिवशी खड्ड्यात पुरावा. निरोगी झाडांचा पालापाचोळा मात्र न जाळता कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा. कुंपणालगतचा केना व इतर तण याच वेळी खुरपून काढावे.

बियाण्यासाठी राखलेली दोडकी, भेंडी व गवारीच्या शेंगा झाडावर पूर्ण वाळल्यावरच काढाव्यात. बी सावलीत सुकवून राखेत मिसळावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे. रोगट वेलाचे बी, फळ कितीही मोठे असले तरी, ठेवू नये.

वाफ्यांची तयारी

वेल काढल्यावर जमीन वीतभर खोल कुदळून आठ दिवस उन्हात तापू द्यावी. काळ्या जमिनीची ढेकळे वाळून घट्ट होण्यापूर्वी, वाफसा असतानाच, ती फोडावीत. त्यानंतर दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणाने हुमणी व वाळवीचा उपद्रव वाढतो.

रोपांसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व सुमारे १५ सेंटिमीटर उंच असा गादीवाफा करावा. त्यावर फुलकोबी, कोबी, वांगी व कांदा यांचे बी आठ-दहा सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, एक सेंटिमीटर खोल पेरावे. पेरणीपूर्वी बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळल्याने रोपे कोलमडण्याचा रोग कमी होतो. उगवण होताच वाफ्यावर बारीक जाळी किंवा जुन्या पातळ लुगड्याचे कापड ताणून बांधावे, म्हणजे मावा व पांढरी माशी यांपासून बचाव होतो. कोबीवर्गीय रोपे चार-पाच आठवड्यांत लावणीस येतात. कांद्याच्या रोपास सहा ते आठ आठवडे लागतात. कोबीच्या दोन रोपांत ४५ सेंटिमीटर व वांग्याच्या दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

मेथी, पालक, मुळा, गाजर व कोथिंबीर थेट वाफ्यात पेरावीत. धने चोळून दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत, म्हणजे उगवण एकसारखी होते. मेथी सुमारे महिन्यात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. सर्व बी एकाच दिवशी न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरल्यास भाजीचा एकदम सुकाळ व नंतर दुष्काळ होत नाही. लसणाच्या पाकळ्याही याच सुमारास टोकाव्यात.

बांधापलीकडे केळी असल्यास या हंगामात काकडीवर्गीय वेल पुन्हा लावू नयेत. टोमॅटो, मिरची व चवळी घराच्या दुसऱ्या बाजूस, मोजकीच लावावीत. त्यांच्या जागी मेथी, कोथिंबीर, लसूण, कांदा घेतल्यास घरची गरज भागते आणि शेजारच्या बागेचा धोका कमी होतो.

पाणी व फळझाडे

पाण्याची किंमत या प्रदेशाने फार पूर्वी ओळखली होती. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने बुऱ्हाणपूर शहरास पुरविणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास बांधला गेला. जिल्ह्यातील २५४ गावांत घरोघर नळजोडणी झाल्याचे जुलै २०२२ मध्ये प्रमाणित होऊन बुऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. नळाच्या पाण्याचा एक थेंबही वाया न घालविणे हे आता प्रत्येक कुटुंबाचे काम आहे. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी वाफ्यांस द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीस न देता वाळू-खडीच्या शोषखड्ड्यातून मुरवून शेवग्याच्या आळ्याकडे वळवावे. पाणी सकाळी झारीने द्यावे व वाफ्यांवर वाळल्या गवताचे आच्छादन करावे.

लिंबू, पेरू व कढीपत्त्याच्या वाळक्या, रोगट फांद्या याच वेळी छाटाव्यात. मोरचूद व कळीचा चुना प्रत्येकी १०० ग्रॅम, निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून व एकत्र करून एक लिटर मलम तयार करावे आणि ते छाटलेल्या जागी लावावे. यासाठी लोखंडी भांडे वापरू नये. पुढे कडाक्याच्या थंडीत कोवळ्या रोपांस सायंकाळी हलके पाणी द्यावे व रात्री गवताने झाकावे.

एकट्याने भागणारे काम नव्हे

दहा परसांतील वेल काढले आणि अकराव्या परसात एक रोगट वेल राहिला, तर मावा तेथूनच निघतो. म्हणून हे काम गावाने एका आठवड्यात मिळून करावे. ग्रामसभेत दिवस ठरवावा, कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी रोगाची लक्षणे प्रत्यक्ष पाने दाखवून समजावावीत. शिक्षकांनी शाळेच्या परसबागेत मुलांकडून निरोगी व रोगट पानांची तुलना करून घ्यावी. काय पाहावयाचे हे एकदा कळले म्हणजे मुले घरच्या मांडवाखाली ते स्वतः शोधतात.

केळीच्या एका बागेत कुटुंबाचे वर्षभराचे कष्ट व बहुधा कर्जही गुंतलेले असते. परसातील दोन दिवसांच्या कामाने तिचे संरक्षण होत असेल आणि त्याच जागेत हिवाळ्याची ताजी भाजी पिकत असेल, तर दिवाळीची साफसफाई उंबरठ्याशी न थांबविता परसदारापर्यंत नेणे सर्वांच्याच हिताचे आहे.