गोळी सोडल्यावर उठणारी जळजळ

सकाळी चहाच्या आधी ‘पित्ताची गोळी’ घेण्याची प्रथा आज अनेक घरांत रूढ झाली आहे. डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरती लिहून दिलेली गोळी पाहता पाहता पाच-पाच वर्षे चालू राहते. मध्येच कोणी ती बंद करून पाहतो. थोड्याच दिवसांत छातीत जळजळ होते, करपट ढेकर येतात, आणि तो मनाशी म्हणतो, ‘‘माझी प्रकृतीच पित्ताची, गोळीवाचून गत्यंतर नाही.’’ हा निष्कर्ष नेहमीच खरा असतो का?

डेन्मार्कमधील संशोधकांनी या प्रश्नाचा शोध घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १२० निरोगी व्यक्ती सहभागी झाल्या. अम्लपित्ताचा त्रास त्यांना मुळात नव्हताच. एका गटाला आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली गेली. दुसऱ्या गटाला बाराही आठवडे औषध नसलेलीच गोळी मिळाली. शेवटच्या चार आठवड्यांत दुसऱ्या गटातील १५ टक्के, तर पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांनी जळजळ, आंबट पाणी वर येणे अशा तक्रारी नोंदवल्या. म्हणजे ज्यांना आजार नव्हता, त्यांनाही औषध थांबल्यावर आजाराची लक्षणे जाणवली.

याचे कारण शरीराच्या स्वभावात आहे. १९८८ साली वापरात आलेले ओमेप्राझोल आणि त्याच्या वर्गातील औषधे जठरातील आम्लनिर्मिती रोखतात. आम्ल घटलेले पाहून शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते. औषधाचा बांध असेतो त्याचा परिणाम दिसत नाही. बांध निघताच काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त स्रवते.

तथापि या औषधांविषयी भीती बाळगणेही योग्य नव्हे. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे तीन वर्षे पँटोप्राझोल देऊन पाहिले गेले. हाडे मोडणे, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, स्मृतिभ्रंश यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. केवळ आतड्यांचे संसर्ग किंचित अधिक आढळले, १ टक्क्याच्या जागी १.४ टक्के.

आपल्या शाकाहारी कुटुंबांनी मात्र एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व मोकळे होण्यास जठरातील आम्ल लागते. कॅलिफोर्नियातील २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षे वा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांत ब-१२ च्या कमतरतेचे प्रमाण अधिक दिसले. असा अभ्यास कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करीत नाही. परंतु ज्यांच्या आहारात दूध-दह्याखेरीज ब-१२ चा फारसा नैसर्गिक स्रोत नाही, त्यांनी वर्षानुवर्षे गोळी घेत असल्यास रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. हातापायांना मुंग्या येणे, सततचा थकवा, विस्मरण या तक्रारी केवळ वयाच्या माथी मारू नयेत.

याचा अर्थ हा लेख वाचून गोळी फेकून द्यावी, असा नाही. ज्यांना पूर्वी जठरव्रणातून रक्तस्राव झाला आहे, जे ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या नियमित घेतात, किंवा ज्यांच्या अन्ननलिकेला तीव्र दाह आहे, त्यांच्यासाठी हीच गोळी संरक्षक ठरते. ती परस्पर थांबवणे धोक्याचे आहे. गिळताना अडखळणे, काळी शौचास होणे, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास तपासणीस विलंब करू नये.

इतरांनी मात्र पुढील भेटीत एक साधा प्रश्न अवश्य विचारावा : ‘‘ही गोळी मला कशासाठी, आणि किती दिवस?’’ गरज उरली नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करता येते. त्या काळात रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर असावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत ते सहज साधते. उशाकडची बाजू थोडी उंच ठेवावी, वजन आटोक्यात ठेवावे. मधल्या काही आठवड्यांत उठणारी जळजळ म्हणजे जुना आजार परतला असे लगेच मानू नये. बहुधा ती सोडलेल्या औषधाचीच मागे राहिलेली सावली असते, आणि थोड्या धीराने ती ओसरते.