विचारण्याचे बंधन

जिला हुकूम सोडता येत नाही, दंड करता येत नाही, आणि जिचा सल्ला बाजूस सारणाऱ्यावर जाब देण्याची पाळी येत नाही, अशा संस्थेचा राज्यकारभारात उपयोग तो काय, हा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येईल. आणि अमेरिकेच्या टपाल-नियमन आयोगाची, तिकडच्या नावाने पोस्टल रेग्युलेटरी कमिशनची, माहिती वाचू लागले की तो प्रश्न अधिकच बळावतो. टपालाचे दर ठरविण्याच्या कामी या आयोगाला खरीखुरी सत्ता आहे. परंतु देशभरच्या टपालसेवेचे स्वरूपच पालटावयाचे असेल, वाटपाचा एखादा वार गाळावयाचा, हजारो पोस्टे बंद करावयाची किंवा पत्र पोहोचण्याची मुदत वाढवावयाची असेल, तर त्या वेळी आयोगाच्या हाती उरतो तो निव्वळ अभिप्राय. टपालसेवेने तो मागितलाच पाहिजे. मानलाच पाहिजे असे मात्र कायदा म्हणत नाही.

ही चमत्कारिक व्यवस्था कोठून आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1970 पर्यंत अमेरिकेत टपाल हे एक सरकारी खाते होते; त्याचा प्रमुख, पोस्टमास्तर-जनरल, हा राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळात बसत असे, पोस्टमास्तरांच्या जागा पक्षाच्या कृपेने भरल्या जात, आणि तिकिटाचा दर काँग्रेस ठरवी. 1966 च्या ऑक्टोबरात शिकागोच्या अवाढव्य टपाल-इमारतीत थैल्यांचे डोंगर साचून जवळजवळ तीन आठवडे काम ठप्प झाले, तेव्हा या पद्धतीचे दिवस भरल्याचे सर्वांनाच दिसून आले. फ्रेडरिक कॅपल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1968 साली खाते मोडून त्याचे स्वायत्त महामंडळ करण्याची शिफारस केली. आणि ती शिफारस कदाचित दप्तरात धूळ खात पडलीही असती, परंतु 1970 च्या मार्चात न्यूयॉर्कच्या पोस्टमननी पगारासाठी संप पुकारला, तो शहराशहरांतून पसरला, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पत्रे लावण्यासाठी सैनिक पाठवावे लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात नवा कायदा झाला, आणि 1 जुलै 1971 पासून युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस ही नवी संस्था नियामक मंडळाच्या मुखत्यारीत कारभार पाहू लागली.

राजकारणी मंडळींच्या हातून टपाल सोडवून घेताना ते सामान्य नागरिकाच्याही हातून निसटेल की काय, ही धास्ती कायदा करणाऱ्यांना होती, आणि 3661 व्या कलमात तिचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. सेवेच्या स्वरूपात देशव्यापी, किंवा जवळजवळ देशव्यापी, बदल करावयाचा असेल तर तो अमलात येण्यापूर्वी वाजवी अवधी ठेवून टपालसेवेने आयोगाकडे प्रस्ताव दाखल करावा. आयोगाने सुनावणीवाचून अभिप्राय देऊ नये. सुनावणीत टपालसेवा आणि टपाल वापरणारे लोक यांच्याखेरीज जनसामान्यांच्या हिताची बाजू मांडण्यासाठी आयोगाचा एक स्वतंत्र अधिकारी असलाच पाहिजे. आणि अभिप्राय लेखी असून तो कायद्याच्या धोरणाशी सुसंगत आहे असे त्याच्याशी सहमत असणाऱ्या प्रत्येक सदस्याने आपल्यापुरते प्रमाणित करावे, अशी ही तरतूद आहे. यातील शेवटची अट मला विशेष मोलाची वाटते, कारण समित्यांच्या राज्यात जबाबदारी नेहमी ‘मंडळा’ची असते आणि मंडळाला कोणी बाजारात गाठून विचारू शकत नाही. सदस्य पाच, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, संमती सिनेटची, आणि एका पक्षाचे तिघांहून अधिक नाहीत. 1970 साली या संस्थेचे नाव पोस्टल रेट कमिशन असे होते. 2006 च्या कायद्याने तिला हल्लीचे नाव आणि पुष्कळ अधिक अधिकार दिले, पण 3661 व्या कलमातील अभिप्राय जसा होता तसाच राहिला.

आयोगाची सुनावणी न्यायालयाच्या धर्तीवर चालते. टपालसेवेचे वरिष्ठ अधिकारी आपली साक्ष आधी लेखी रुजू करतात; तिच्याबरोबर आकड्यांची बाडेच्या बाडे येतात; मग कर्मचाऱ्यांच्या संघटना, वृत्तपत्रांचे मालक, शुभेच्छापत्रांचे व्यापारी आणि जनतेचा तो प्रतिनिधी यांच्या प्रश्नावल्या सुटतात, आणि ज्या अधिकाऱ्याच्या शब्दावर देशभरची पत्रे हालतात त्याला शपथेवर उलटतपासणीस उभे राहावे लागते. सत्ताधाऱ्याला मनाई करणे हा एक अंकुश झाला. परंतु त्याने मनात योजलेली गोष्ट तिच्या हिशेबासकट, करण्यापूर्वी, चारचौघांत बोलून दाखवावी असे बंधन घालणे हा निराळ्या जातीचा अंकुश आहे, आणि तो किती बोचतो हे शनिवारच्या प्रकरणावरून कळते.

2010 च्या मार्चअखेर टपालसेवेने शनिवारचे पत्रवाटप बंद करण्याचा प्रस्ताव आयोगापुढे ठेवला. पत्रे घटत चालली होती, तोटा वाढत होता, आणि आठवड्याचा एक दिवस गाळल्याने वर्षाकाठी 3.1 अब्ज डॉलर वाचतील असा हिशेब होता. आयोगाने वॉशिंग्टनबाहेर जाऊनही लोकांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि जवळजवळ एका वर्षाने, 2011 च्या मार्चात, आपला अभिप्राय दिला. बचत 3.1 नव्हे, 1.7 अब्ज होईल, असे त्यात होते. खर्चातील घट टपालसेवेने फुगवून धरली होती. सेवा कमी झाल्यावर जे गिऱ्हाईक निघून जाईल त्याचे नुकसान तिने 0.2 अब्ज मानले होते, ते आयोगाच्या मते 0.6 अब्ज भरत होते; आणि ही उणावलेली बचतही पूर्णपणे पदरात पडावयास तिसरे वर्ष उजाडावे लागणार होते. पहिल्या वर्गाच्या आणि तातडीच्या टपालापैकी सुमारे चौथा हिस्सा दोन दिवसांनी रखडेल हेही आयोगाने दाखविले. सगळ्यांत जिव्हारी लागणारा शेरा असा की, खेड्यापाड्यांतील आणि दूरच्या मुलखांतील लोकांवर या बदलाचा काय परिणाम होईल याचा विचारच टपालसेवेने केलेला नाही. पुढे 2013 च्या फेब्रुवारीत पोस्टमास्तर-जनरल पॅट्रिक डोनाहो यांनी शनिवार बंद करण्याची घोषणा तरीही केलीच. परंतु सहा दिवसांच्या वाटपाची अट काँग्रेस खर्चाच्या मंजुरीत दरसाल घालीत आली होती ती तिने उठविली नाही, आणि एप्रिलात नियामक मंडळाला माघार घ्यावी लागली. ही माघार आयोगाच्या अभिप्रायाने घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि 3.1 चा आकडा त्यानंतर कोणी निःशंकपणे उच्चारू शकले नाही, एवढे खरे.

दुसरा प्रसंग पोस्टांचा. 2011 च्या जुलैत सुमारे 3,650 पोस्टे बंद करण्यासाठी तपासावयाची यादी निघाली. तीत बहुतेक लहान गावे होती. योजनेचे नाव जाळ्याची सुधारणा असे असले तरी तिने सुधारणा होईल हे दाखविणारी माहिती टपालसेवेपाशी नाही, असे आयोगाने डिसेंबरात बजावले. त्याच सुमारास टपालसेवेने बंदी काही महिने थांबविली, आणि पुढच्या मे महिन्यात योजनाच बदलून 13,000 च्या वर ग्रामीण पोस्टे बंद न करता त्यांचे तास कमी करण्याचा बेत मांडला. त्यावर आयोगाचा अभिप्राय पुष्कळसा अनुकूल होता.

असेच नेहमी घडते अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. पत्रे लावण्याची केंद्रे एकत्र करण्याच्या 2012 च्या योजनेत अभिप्राय येण्यास सप्टेंबर उजाडला, आणि टपालसेवेने जुलैतच अंमलबजावणीला प्रारंभ केला होता. सुनावणी वर्षभर रेंगाळावी हेही टपालसेवेला परवडणारे नव्हते, ही तिची कैफियत अगदीच निराधार नव्हती. म्हणून 2014 साली आयोगाने 90 दिवसांत अभिप्राय देण्याचा नियम स्वतःलाच घालून घेतला. आणि 2020 च्या उन्हाळ्यात, निवडणूक तोंडावर असताना, नवे पोस्टमास्तर-जनरल लुई डीजॉय यांच्या कारकिर्दीत जादा फेऱ्या बंद झाल्या आणि पत्रे लावणारी यंत्रे हलविली गेली, तेव्हा आयोगाला कोणी विचारलेच नव्हते. 14 राज्ये न्यायालयात गेली. 17 सप्टेंबर रोजी वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे न्यायाधीश स्टॅन्ली बॅस्टियन यांनी जी देशव्यापी मनाई दिली तिच्या आधारांपैकी एक हेच 3661 वे कलम होते. सल्ला पाळण्याची सक्ती नसली तरी तो मागण्याची सक्ती खरी आहे, हे टपालसेवेला अशा रीतीने न्यायालयात शिकावे लागले.

आपल्याकडे या धर्तीचा आयोग कधीच नव्हता. मात्र निराळा एक दरवाजा होता. 1898 च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या पुरवणीत पत्रांचे आणि पोस्टकार्डाचे दर छापलेले असत, आणि ते बदलावयाचे तर वित्तविधेयकातून संसदेपुढे यावे लागे, त्यामुळे कार्डाच्या पैशापैशावर सभागृहात बोलण्यास सदस्यांना जागा मिळे. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या कायद्यात ती पुरवणी नाही. दर ठरविण्याचे काम टपालसेवेच्या महासंचालकांकडे गेले आहे. 2024 च्याच डिसेंबरात नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाले, ज्याच्या स्वस्ताईवर लहान प्रकाशकांची वाटप-व्यवस्था तगून होती, आणि 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. हे निर्णय योग्य असतील किंवा नसतील. परंतु बचतीचा हिशेब मांडणारा अधिकारी आणि उलट प्रश्न विचारणारा पुस्तकविक्रेता एका टेबलापाशी आले आहेत, असे दृश्य त्यांच्या आधी कोठे घडले नाही.

अमेरिकेतही ते दृश्य पुरेसे पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. 2021 साली पहिल्या वर्गाच्या पत्राची कमाल मुदत तीन दिवसांवरून पाच दिवसांवर नेण्याच्या प्रस्तावाकडे आयोगाने जुलैत साशंकतेने पाहिले. ऑक्टोबराच्या पहिल्या तारखेला बदल लागू झाला. 2024 च्या ऑक्टोबरात, विभागीय केंद्रापासून 50 मैलांहून दूर असलेल्या पोस्टांतले टपाल त्याच संध्याकाळी न उचलता दुसऱ्या दिवशी उचलण्याची योजना आली; 31 जानेवारी 2025 च्या अभिप्रायात आयोगाने खेड्यांवर पडणाऱ्या भाराबद्दल कडक शब्द वापरले; 1 एप्रिलपासून योजना अमलात आली.

माझ्या मते 3661 व्या कलमात एका वाक्याची भर पडावयास हवी. अभिप्राय मिळाल्यावर टपालसेवेने त्यातील कोणता मुद्दा मानला आणि कोणता का मानला नाही, हे लेखी उत्तर प्रसिद्ध करीपर्यंत बदल अमलात आणू नये. सल्ला बंधनकारक करण्याने आयोगच टपालसेवा चालवू लागेल, आणि तोट्याचा जाब मात्र दुसऱ्याने द्यावा लागेल. तो उपाय मला रुचत नाही. उत्तर देण्याची सक्ती मात्र टपालसेवेच्या मुखत्यारीला कोठेच हात लावीत नाही, आणि 2012 सारखा अभिप्रायाआधीच कामाला लागण्याचा मार्ग तिने बंद होतो. त्यापायी 90 दिवसांचे 120 झाले तरी हरकत नाही. एखादे पोस्ट बंद करण्याविरुद्ध गावकऱ्यांनी केलेल्या अपिलाच्या निकालास कायद्याने आजही तेवढीच मुदत दिलेली आहे.