विश्लेषण : सही खरी, तरी ‘ड्रायव्हर’ धोक्याचा कसा?

सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज… चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावांत ही कामे सेवा केंद्रातील संगणकावर होतात. त्यावर शेतकऱ्यांचे आधार, बँक खाते, जमिनीचा तपशील हाताळला जातो. ऑपरेटरला मर्यादित अधिकारांचे खाते दिले की संगणक सुरक्षित, असा समज असतो. तो किती अपुरा आहे, हे ‘डेल’ कंपनीच्या एका छोट्या फाइलने दाखवून दिले.

प्रकरण काय होते?

‘डीबीयूटिल २.३’ या ड्रायव्हरमधील त्रुटी ४ मे २०२१ रोजी जाहीर झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-२१५५१ आणि तीव्रता १० पैकी ८.८. ‘सेंटिनेलवन’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती डिसेंबर २०२०मध्ये डेलला कळवली होती. संगणक सुरू करणारी ‘बायोस’ ही प्रणाली अद्ययावत करताना डेलची साधने हा ड्रायव्हर वापरत. २००९पासून तो कोट्यवधी संगणकांवर पोहोचला होता.

कर्नल आणि ड्रायव्हर म्हणजे काय?

कर्नल हा विंडोजचा गाभा. मेमरी, डिस्क, पासवर्डची तपासणी, अँटिव्हायरस या सर्वांवर त्याची सत्ता चालते. तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात जसा कोणालाही प्रवेश नसतो, तसा साध्या प्रोग्रामला कर्नलमध्ये प्रवेश नसतो. ड्रायव्हर मात्र या कक्षाची किल्ली असलेला शिपाई. बाहेरच्या प्रोग्रामने विनंती करायची, त्याने आत जाऊन काम करून द्यायचे. अशा ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असेल, तरच विंडोज त्याला आत घेते.

त्रुटी नेमकी कुठे होती?

डेलच्या ड्रायव्हरवरील सही खरी होती. पण विनंती करणारा कोण, त्याला अधिकार आहे का, हे तो विचारतच नसे. त्यामुळे मर्यादित खात्यातील साधा प्रोग्रामही त्याच्याकरवी कर्नलच्या मेमरीत हवे ते लिहून घेऊ शकत होता. असे झाले की ते खाते संगणकाचे मालक बनते. यालाच ‘लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन’, म्हणजे संगणकाच्या आतून झालेली अधिकारवाढ म्हणतात. केवळ या त्रुटीने इंटरनेटवरून कोणी आत शिरू शकत नाही. पण ई-मेलमधील फसवी फाइल किंवा दूषित पेन ड्राइव्हमुळे शिरकाव झाला, तर पुढची वाट मोकळी होते.

गैरवापर झाला का?

झाला. उत्तर कोरियाशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘लाझारस’ टोळीने २०२१च्या उत्तरार्धात नेदरलँड्समधील एका विमान-अवकाश कंपनीचा कर्मचारी आणि बेल्जियममधील एक राजकीय पत्रकार यांना लक्ष्य केल्याचे ‘ईसेट’ या कंपनीने २०२२मध्ये उघड केले. नोकरीच्या प्रस्तावाच्या नावाने फाइल पाठवण्यात आली. नंतर याच ड्रायव्हरच्या मदतीने विंडोजमधील पाळत ठेवणाऱ्या सात यंत्रणा बंद करण्यात आल्या.

मग हा धोका फक्त डेलच्या संगणकांना आहे का?

नाही. प्रशासक अधिकार मिळवलेला हल्लेखोर असा सदोष ड्रायव्हर स्वतःच सोबत आणून कोणत्याही कंपनीच्या संगणकावर चढवू शकतो. एमएसआय कंपनीच्या ‘आफ्टरबर्नर’ या साधनाचा ड्रायव्हर ‘ब्लॅकबाइट’ या खंडणीखोर टोळीने २०२२मध्ये याच पद्धतीने वापरला. नवी आवृत्ती आली तरी जुन्या ड्रायव्हरवरील सही आपोआप बाद होत नाही, हे यातील खरे दुखणे. म्हणून मायक्रोसॉफ्ट सदोष ड्रायव्हरांची बंदी यादी ठेवते. विंडोज ११च्या २०२२मधील अपडेटपासून ती आपोआप चालू असते. पण ती साधारणतः वर्षातून एकदोनदाच वाढवली जाते. त्यामुळे नव्याने सापडलेला ड्रायव्हर काही काळ यादीबाहेर राहू शकतो.

केंद्रचालकाने काय करावे?

संगणक डेलचा असेल, तर आधी अपडेटची साधने नवी करावीत आणि मग डेलने दिलेल्या साधनाने ‘डीबीयूटिल’ फाइल काढावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुने बायोस पॅकेज पुन्हा चालवले, तर फाइल परत येते. ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘कोअर आयसोलेशन’मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू करावे. एखाद्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर त्याला आड येत असेल, तर विंडोज त्याचे नाव दाखवते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

रोजच्या कामासाठी मर्यादित खातेच वापरावे. ते पुरेसे नसले, तरी आवश्यक आहे. कारण नवा ड्रायव्हर चढवायला प्रशासक अधिकार लागतात आणि हल्लेखोराला तेच सहजासहजी मिळू द्यायचे नसतात. न वापरातली साधने मात्र काढून टाकलेलीच बरी. केंद्रात कागद देणाऱ्या शेतकऱ्याला यातले काही तपासता येत नाही. ती जबाबदारी संगणक सांभाळणाऱ्याचीच आहे.