सुपारी आणि सर्च इंजिन

गेल्या चैत्रातली गोष्ट. सबमिशनच्या धांदलीत होस्टेलच्या कॉटवर बसून जर्नल उतरवत होतो, तेवढ्यात गावाहून चुलत्यांचा फोन आला. आमचं गाव वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याला. (तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) अण्णा यात्रा कमिटीचे अध्यक्ष. एका गाजलेल्या लावणी कलाकाराचा कार्यक्रम यात्रेला आणायचा म्हणून त्यांनी मोबाईलवर तिचं नाव टाकलं, सगळ्यात वर आलेल्या ‘ऑफिशियल’ साईटवरच्या नंबरला फोन लावला आणि सुपारीचे पंधरा हजार पाठवून दिले. सुपारी म्हणजे बुकिंगचा अॅडव्हान्स, शहरी मित्रांनी भलता अर्थ घेऊ नये! त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. पैसे गावच्या वर्गणीतले.

अण्णा म्हणाले, "तू कॉम्प्युटरचा इंजिनिअर होणार ना? मग सांग, खोटी साईट पहिल्या नंबरावर आलीच कशी?"

व्हायवात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. 

आधी जुनी पद्धत बघू. सुरुवातीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. ज्याने नटाचं नाव जास्त वेळा लिहिलं तो वर! १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ‘पेजरँक’ मांडला. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे किती बोट दाखवतात, हे बघायचं.

अण्णांना मी एसटीचं उदाहरण दिलं. समजा एक रिकामटेकडा माणूस आहे. ज्या स्टँडवर उतरेल तिथून मिळेल ती गाडी पकडतो. कधी वेल्ह्याहून मार्गासनी, कधी भोरहून कापूरहोळ. शंभरातल्या पंधरा वेळा कंटाळतो आणि नकाशावर डोळे मिटून बोट ठेवून तिथूनच नव्याने सुरुवात करतो. असा तो वर्षभर फिरला तर जास्तीत जास्त वेळा कुठे सापडेल? गडाखालच्या वाडीत नाही, नसरापूरसारख्या नाक्याच्या गावात. कारण तिथे चहूकडच्या गाड्या येतात. पेजरँक म्हणजे हा माणूस तुमच्या पानावर सापडण्याची शक्यता. गाडी म्हणजे लिंक. आणि मोठ्या स्टँडवरून येणाऱ्या गाडीचं वजन जास्त. (ते ०.८५ सूत्रात कुठून येतं, हे आता लक्षात आलं असेल.)

गंमत म्हणजे या हिशेबात ‘ऑफिशियल’ नावाचा रकानाच नाही. लोक ज्या शब्दांनी बोट दाखवतात ते शब्द पानाला चिकटतात. २००३ मध्ये काही टवाळांनी ‘दारुण अपयश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्या अधिकृत परिचयाच्या पानाकडे लिंका दिल्या. ते शब्द शोधले की व्हाईट हाऊसचं पान पहिलं यायचं, पानावर ते शब्द नसतानाही! गूगलने २००७ मध्ये त्यावर इलाज केला. आज लिंकांखेरीज शोधाची भाषा, ठिकाण, मजकुराचा ताजेपणा अशा बऱ्याच गोष्टी मोजल्या जातात. २०१२ पासून गूगलकडे माणसं, ठिकाणं, संस्था यांची ओळखवहीही आहे. नामवंतांच्या नावाशेजारी चौकट दिसते ती त्यातूनच.

मोठ्या सिनेनटाच्या बाबतीत हे सगळं झकास चालतं. पेपरवाले, निर्माते, विश्वकोश, सगळे त्याच्या खऱ्या साईटकडे बोट दाखवतात. पण आमच्या लावणीवालीचं काय? तिची कीर्ती जत्रेत, रिक्षात आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत. तिच्या नावाने लिंक देणार कोण? स्वतःची साईट तिने काढलेलीच नव्हती. मग पत्त्यात आणि शीर्षकात तिचं नाव टाकून कुणीही पान उभं केलं की झालं, वासरांत लंगडी गाय शहाणी! आणि सगळ्यात वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर ती जागा जाहिरातीची, तिथे रँकिंगचा संबंधच नाही.

"म्हणजे पहिला नंबर खोटा?" अण्णा.

"नाही अण्णा. यंत्राने बाकीच्यांची साक्ष मोजली. इथे साक्षीदारच नव्हते."

तपासायचं तर उलट्या बाजूने यावं. कलाकाराच्या अनेक वर्षं चालू असलेल्या, खात्रीच्या खात्यावरून साईटवर जावं, साईटवरून खात्यावर नव्हे. तिथे दिलेला नंबर आणि आपल्याकडचा नंबर एक आहे का बघावं. मी हे पाच मिनिटांत केलं. नंबर जुळला नाही. अण्णांना १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करायला लावली, पण तोवर चार दिवस उलटले होते. पैसे अजून आलेले नाहीत.

यंदा कमिटीने तमाशाचा फड ठरवला. अण्णा दोघांना घेऊन नारायणगावला गेले, राहुटीत बसून चहा प्यायले, सुपारी हातात दिली आणि पावती खिशात घातली. मला फोन करून म्हणाले, "साक्षीला दोघं होते बरं का!"