गळाला लागलेलं पुस्तक

बालमित्रांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरहून समुद्र किती लांब! पण पु. ल. देशपांडे यांचं ‘एका कोळियाने’ हातात घ्या, घरबसल्या खारं वारं लागेल. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या १९५२ सालच्या कादंबरीचा हा अनुवाद.

क्युबातल्या म्हाताऱ्या सांतियागोला ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाही. त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलाला आईवडिलांनी दुसऱ्या होडीवर धाडलंय. ८५व्या दिवशी म्हातारा एकटाच खोल समुद्रात जातो आणि गळाला लागतो एक प्रचंड मासा! पुढे काय? ते मी नाही सांगणार.

गंमत अशी, की मासा बराच वेळ दिसतच नाही. हातातल्या दोरीवरूनच त्याच्या हालचाली ओळखायच्या. वाचता वाचता आपणही अंदाज बांधू लागतो!

अशी पुस्तकं आपल्याकडेही जुनीच बरं का. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कोणता मासा काय खातो, त्याला कसा गळ लावायचा, हे लिहून ठेवलं. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेजवळचं आजचं बसवकल्याण.

पुढच्या वेळी पैठणला गेलात, की नाथसागरावरच्या मच्छीमारकाकांना विचारा, ‘जाळं इथंच का टाकलंत?’ ते रिकाम्या हाती परतले, तरी त्यांना मासेमारी येत नाही असं समजू नका. सांतियागोला तरी कुठं येत नव्हती?

आणि पालकहो, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी हे पुस्तक तुम्हीही वाचा!